नऊ तालुके, चार प्रश्न

एकाने मनात एखादी व्यक्ती, वस्तू किंवा ठिकाण धरायचे आणि बाकीच्यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारून ते ओळखायचे, हा खेळ मोबाइलवरील मित्रांच्या गटात खेळण्यास विशेष सोयीचा आहे. कारण त्याला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत आणि सर्वांनी एका ठिकाणी असण्याचीही गरज नसते. शिक्षणासाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेलेला सेलूचा मुलगा आणि गंगाखेडलाच राहिलेला त्याचा मित्र एकाच डावात भाग घेऊ शकतात. वरवर वेळ घालवण्याचे साधन वाटणाऱ्या या खेळात माहितीचे मोजमाप कसे करावे हा गणितातील एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे, आणि तो परभणी जिल्ह्याच्या नकाशावरच उलगडून पाहता येतो.

हा खेळ मुळात दिवाणखान्यातला. अमेरिकेत २ फेब्रुवारी १९४६ रोजी तो ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ या नावाने नभोवाणीवर आला आणि पुढच्याच वर्षी बीबीसीने तो ब्रिटनमध्ये सुरू केला. मनात धरलेली वस्तू प्राणी, वनस्पती की खनिज या वर्गातली, एवढे प्रारंभीच सांगायचे आणि वीस प्रश्नांत ती ओळखायची, अशी त्याची रीत होती. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेले ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण कोणी मनात धरले, तर ‘वनस्पती’ या एका शब्दाने दर्गे, देवळे, नद्या, धरणे, संत आणि कवी एकदम बाद होतात.

एका प्रश्नाने किती पर्याय बाद व्हावेत, हे पाहण्यासाठी उदाहरण लहान घेणे बरे. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम या नऊ तालुक्यांपैकी एक कोणी मनात धरला आहे असे मानू. ‘तालुक्याच्या गावातच रेल्वे स्थानक आहे का?’ हा पहिला प्रश्न. उत्तर ‘हो’ आल्यास परभणी, पूर्णा, सेलू आणि गंगाखेड उरतात. ‘ते जंक्शन आहे का?’ या प्रश्नाने परभणी आणि पूर्णा एका बाजूला, तर सेलू आणि गंगाखेड दुसऱ्या बाजूला जातात, आणि तिसऱ्या प्रश्नाला निकाल लागतो. पहिले उत्तर ‘नाही’ आल्यास पाच तालुके उरतात. त्यांतील सोनपेठ आणि पालम गोदावरीच्या दक्षिणेला आहेत. त्यामुळे ‘गोदावरीच्या दक्षिणेला का?’ याला ‘हो’ मिळाले, तर ‘बीड जिल्ह्याला लागून आहे का?’ एवढे विचारणे पुरते. ‘नाही’ मिळाले, तर येलदरी धरणाविषयी विचारून जिंतूर वेगळे काढता येते आणि पाथरी व मानवत यांच्यासाठी मात्र चौथा प्रश्न खर्ची पडतो. म्हणजे सात तालुके तीन प्रश्नांत आणि दोन चार प्रश्नांत सापडतात. याउलट ‘सोनपेठ का?’, ‘पालम का?’ असे एकेक नाव घेत गेल्यास आठ प्रश्नांपर्यंत मजल जाते आणि सरासरी जवळजवळ पाच प्रश्न लागतात. पहिल्या पद्धतीत ही सरासरी सव्वातीनच्याही किंचित आत राहते.

उरलेल्या पर्यायांचे शक्य तितके समान दोन भाग करणारा प्रश्न चांगला, हे यातून निघणारे सूत्र आहे. प्रत्येक प्रश्नागणिक ओळखता येणाऱ्या पर्यायांची संख्या दुप्पट होते: तीन प्रश्नांत आठ, दहा प्रश्नांत १,०२४ आणि वीस प्रश्नांत १०,४८,५७६. नऊ तालुक्यांसाठी तीन प्रश्न अपुरे पडतात, ते नऊ ही संख्या आठाहून एकाने मोठी असल्यामुळे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचा सिद्धांत मांडताना ‘बिट’ हे जे एकक वापरले, ते म्हणजे दोन सारख्याच संभाव्य उत्तरांपैकी एक कळल्याने मिळणारी माहिती होय; संगणकाची स्मृती आणि मोबाइलवरून जाणारे संदेश याच एककात मोजले जातात.

शाळेत वृत्ते शिकलेल्या मराठी वाचकाला हे गणित अनोळखी नाही. तीन अक्षरांचा एक गण आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, म्हणून गण आठ. कोणताही गण ओळखायला ‘हे अक्षर गुरू आहे का?’ असे तीनदा विचारणे पुरते. ‘नाही, हो, हो’ अशी उत्तरे आली की तो य गण, तिन्ही ‘हो’ आली की म गण. पिंगलाच्या छंदःशास्त्रात तर केवळ क्रमांकावरून अक्षरांची रचना शोधण्याची ‘नष्ट’ नावाची रीत आहे: संख्या सम असल्यास लघू लिहून ती निम्मी करायची, विषम असल्यास गुरू लिहून, एक मिळवून निम्मी करायची. सहा या क्रमांकापासून निघाल्यास लघू, गुरू, लघू, म्हणजे ज गण, हाती येतो.

मात्र ‘समान भाग’ याचा अर्थ नुसती मोजदाद नव्हे. तालुका मनात धरणारा मित्र गंगाखेडचा असेल आणि तो स्वतःचेच गाव धरण्याची शक्यता निम्मी वाटत असेल, तर ‘गंगाखेड का?’ हा एरवी घाईचा ठरणारा प्रश्न पहिलाच विचारणे सर्वांत शहाणपणाचे ठरते. अधिक संभाव्य गोष्टीला कमी प्रश्न, हे तत्त्व डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये संदेशांचे सांकेतिक रूप आखडण्यासाठी काटेकोर रीतीत बसवले. ‘अकिनेटर’ हा २००७ मध्ये सुरू झालेला फ्रेंच संगणकीय खेळही आधीच्या खेळाडूंच्या उत्तरांतून संभाव्यता शिकतो. परंतु तो शिकतो असंख्य अनोळखी माणसांकडून, त्यामुळे जगप्रसिद्ध नटाला ओळखणे त्याला जितके सोपे, तितके एखाद्या गटाने शाळेत असताना ठेवलेले टोपणनाव ओळखणे सोपे नाही. तिथे मित्रच सरस ठरतात.

खेळ बहुधा फसतो तो संदिग्ध प्रश्नामुळे. वरच्या उदाहरणात ‘गावातच’ या शब्दावर भर होता, कारण मानवत रोड हे स्थानक प्रत्यक्ष मानवत गावापासून काही किलोमीटर दूर आहे. नुसते ‘रेल्वे आहे का?’ असे विचारल्यास एक जण ‘हो’ म्हणेल, दुसरा ‘नाही’. पाथरीबाबत ‘साईबाबांचा जन्म इथला का?’ हा प्रश्न वादात अडकतो, तर ‘तसा दावा केला जातो का?’ याला एकच उत्तर आहे. उत्तर देणाराच एकदा खोटे बोलणार असेल तर काय, हा प्रश्न गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम यांनी १९७६ मध्ये आपल्या आत्मचरित्रात उपस्थित केला. दहा लाख पर्यायांसाठी अशा वेळी वीसऐवजी पंचवीस प्रश्न लागतात, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले.

समोरासमोर बसून खेळताना चेहऱ्यावरून जे कळते ते मोबाइलवर कळत नाही, आणि आठ जणांचे प्रश्न एकाच वेळी येऊन पडले की कोणत्या ‘हो’चा संबंध कशाशी हेही कळेनासे होते. म्हणून गटात हा खेळ मांडणाऱ्यांनी तीन पथ्ये पाळावीत: मनातले नाव आधीच एका तटस्थ मित्राला स्वतंत्रपणे कळवून ठेवावे, एका वेळी एकानेच, आधीची सर्व उत्तरे वाचून, प्रश्न विचारावा, आणि उत्तर नक्की ठाऊक नसल्यास ‘सांगता येत नाही’ असे मोकळेपणाने लिहावे. एवढे सांभाळून प्रत्येक प्रश्नापूर्वी ‘याने उरलेल्यांपैकी निम्मे बाद होतील का?’ असे स्वतःला विचारले, तर नऊ तालुक्यांसाठी पाचवा प्रश्न कधीही विचारावा लागणार नाही.