धाकटीचे नाव

घरात मूल जन्मास आले की आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो, तो नावाचा. पहिल्या मुलीचे नाव ठेवताना घरातील मंडळींना पुरी मोकळीक असते. दुसरीच्या किंवा तिसरीच्या वेळी मात्र तसे नसते. थोरल्या बहिणींची नावे घरात आधीच रुळलेली असतात, आणि धाकटीचे नाव त्यांच्या शेजारी शोभून दिसावे असे सर्वांना वाटते. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगते, घुगऱ्या वाटल्या जातात. परंतु त्यापूर्वी घरात त्या नावाचा पुष्कळ खल झालेला असतो.

नावे जुळविण्याची पहिली रीत अर्थाची होय. गंगा आणि यमुना यांच्या पाठची गोदावरी होते. जाईच्या पाठची जुई होते. या रीतीचे सर्वांत सुंदर उदाहरण तेराव्या शतकातील चार भावंडांचे आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही नावे क्रमाने उच्चारून पाहा. निवृत्ती म्हणजे संसारातून मन काढून घेणे; त्यापुढे ज्ञान; सोपान म्हणजे जिना; आणि त्या जिन्याच्या शेवटी मुक्ती! धाकट्या बहिणीच्या नावावाचून ही ओळ पुरी होत नाही.

दुसरी रीत नादाची. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या चार कन्यांची नावे लता, मीना, आशा आणि उषा. यांच्या अर्थांत साम्य नाही. पण प्रत्येक नाव दोन अक्षरांचे असून शेवटी 'आ' हा स्वर आहे. लताबाईंचे मूळ नाव हेमा होते. ते पालटले, तरी नादाची साखळी तुटली नाही.

आता समजा, थोरल्या दोघींची नावे रोहिणी आणि रेवती अशी आहेत. ही दोन्ही नक्षत्रांची नावे आहेत. धाकटीला स्वाती म्हटले तर अर्थ जुळेल. अश्विनी म्हटले तर अर्थाबरोबर नादही जुळेल, कारण तिन्ही नावे तीन अक्षरी आणि ईकारान्त होतील. परंतु तिचे नाव रेवा ठेवले, तर आईने माजघरातून हाक मारताच दोघी धावत येतील! तसेच, ज्येष्ठा हेही एक नक्षत्रच आहे. पण 'ज्येष्ठा' म्हणजे सर्वांत वडील. ते नाव सर्वांत धाकटीला कोण ठेवील? सारांश, जुळणी असावी, पण घोटाळा नसावा. शिवाय शाळेच्या हजेरीपटावर मुलीचे नाव एकटेच लिहिलेले असते. तेथे बहिणी तिच्यासोबत नसतात. म्हणून ते नाव एकटे उच्चारले तरी गोड आणि अर्थपूर्ण वाटले पाहिजे.

या साऱ्या विचारामागे एक भावना असते. ही मुलगीही आमचीच, तीही या माळेतील एक मणी, असे घर त्या नावाने सांगत असते. ही भावना नसली म्हणजे काय होते, हेही आपण जाणून घेतले पाहिजे. मुलग्याची वाट पाहणाऱ्या काही घरांत दोन-तीन मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली की तिचे नाव 'नकुशी' किंवा 'नकुसा' ठेवीत. नकुशी म्हणजे नको असलेली. असे नाव ठेवल्याने पुढचे अपत्य मुलगा होतो, अशी एक खुळी समजूत होती. पूर्वी मुले जगत नसली की वाचलेल्या मुलाला दगडू किंवा धोंडू म्हणत; परंतु त्याला कोणाची दृष्ट लागू नये, ही माया त्या ओबडधोबड नावामागे असे. नकुशी या नावात मायेचा तेवढाही ओलावा नाही. हाक मारणारा प्रत्येक जण त्या मुलीला नकळत तेच ऐकवीत असतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे केवळ ८९४ मुली आढळल्या. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्ह्यात एक आगळा समारंभ झाला. नकुशी नावाच्या २८५ मुलींना तेथे नवी नावे देण्यात आली. काहींनी आपली नावे स्वतःच निवडली. बारसे एरवी पाळण्यातील बाळाचे होते. येथे ते शाळेत जाणाऱ्या मुलींचे झाले.

नाव ठेवण्यास पैसा लागत नाही, थोडा विचार आणि पुष्कळ माया लागते. थोरलीसाठी जेवढ्या हौसेने नाव शोधले, तेवढ्याच हौसेने धाकटीसाठीही शोधावे. जन्मल्यावर घराकडून तिला मिळणारी ती पहिली भेट असते, आणि ती तिला जन्मभर पुरते.