माल्कमची परीक्षा आणि ‘मॅकबेथ’मधील राजधर्म

‘मॅकबेथ’ म्हटले की चेटकिणी, हवेत तरंगणारा खंजीर आणि झोपेत चालत हात चोळणारी लेडी मॅकबेथ डोळ्यांसमोर उभी राहते. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे (१९५४) मराठी रसिकालाही ही कथा परकी राहिलेली नाही. मात्र चांगला राजा कोणता आणि जुलमी कोणता, हा या शोकांतिकेच्या गाभ्याचा प्रश्न ज्या प्रवेशात थेट उपस्थित होतो, त्या चौथ्या अंकातील तिसऱ्या प्रवेशालाच अनेक प्रयोगांत कात्री लागते. कारण उघड आहे. तो लांबलचक आहे आणि बराच वेळ त्यात दोन माणसे नुसती बोलत असतात.

हे नाटक १६०६ च्या सुमाराचे. स्कॉटलंडचा राजा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला होता आणि शेक्सपिअरची नाटकमंडळी त्याच्याच आश्रयाला होती. सद्‌गुणी राजा व जुलमी राजा यांतील भेद जेम्सने स्वतः आपल्या मुलासाठी लिहिलेल्या ग्रंथात मांडला होता. अशा राजासमोर राजहत्येचे नाटक करायचे, म्हणजे हात राखूनच लिहिणे आले. हॉलिनशेडच्या बखरीत डंकन नको तितका मवाळ आहे, मॅकबेथ सुमारे दहा वर्षे न्यायाने राज्य करतो आणि जेम्स ज्याला आपला पूर्वज मानी, तो बँको चक्क कटात सामील आहे. नाटकात डंकन साधुवृत्तीचा होतो, बँको निर्दोष ठरतो आणि ती दहा वर्षे पुसली जातात. इतिहासावर हा अन्यायच. नाटकाला मात्र त्यातून वेग मिळतो.

शेक्सपिअरचा मॅकबेथ केवळ खुनामुळे जुलमी ठरत नाही. प्रत्येक सरदाराच्या घरी त्याचा पगारी हेर आहे. त्यामुळे दरबारी माणसे आडून, उपरोधाने बोलू लागतात आणि पुढे तर त्याचे नावही टाळून त्याला नुसते ‘जुलमी’ म्हणतात. मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल हा या राजवटीचा कळस. तिच्यातून राजकीय लाभ काहीच होत नाही.

या कत्तलीची वार्ता पोहोचण्यापूर्वी मॅकडफ इंग्लंडमध्ये डंकनचा मुलगा माल्कम याच्यासमोर उभा असतो. हा मॅकबेथचा हस्तक तर नसेल, या शंकेने माल्कम स्वतःवरच खोटे आरोप करतो. आपण पराकोटीचे विषयासक्त आहोत, असे तो सांगतो. मॅकडफ उत्तरतो, तेही निभावून नेता येईल, देशात स्त्रिया पुष्कळ आहेत. आपण धनलोभी आहोत, असे माल्कम म्हणतो. हा दोष अधिक घातक असल्याचे मान्य करूनही मॅकडफ सांगतो, देशात संपत्ती भरपूर आहे. न्याय, सत्य, संयम, दया, धैर्य असे राजाला शोभणारे बारा गुण मोजून, यातला एकही आपल्यापाशी नाही, असे माल्कमने म्हटल्यावरच मॅकडफचा बांध फुटतो. परीक्षा राजपुत्राची वाटते, पण कसोटीला लागतो तो प्रजाजन. एका जुलमी राजाच्या जाचातून सुटण्यासाठी सज्जन माणूस दुसऱ्याचे किती दोष पोटात घालतो, हे येथे दिसते आणि ते अस्वस्थ करणारे आहे.

याच प्रवेशात इंग्लंडचा राजा एडवर्ड केवळ स्पर्शाने रोग्यांना बरे करतो, असा उल्लेख येतो. तो स्वतः रंगमंचावर येत नाही. आदर्श राजा पडद्याआड आणि प्रत्यक्षात समोर कोण, तर आयुष्यात प्रथमच खोटे बोललो, असे सांगणारा राजपुत्र! डंकनला माणसांची पारख नव्हती. कॉडॉरच्या ज्या सरदारावर त्याचा पूर्ण विश्वास होता, तो फितूर निघाला. तीच जहागीर त्याने मॅकबेथला दिली आणि त्याच्याच वाड्यात तो निर्धास्त झोपला. मुलाने त्यातून संशय घ्यायला शिकावे, हे स्वाभाविकच. पण त्याचा संशय समोरच्याला बोलते करून खरे-खोटे पडताळतो आणि खात्री पटताच आपले खोटे मागे घेतो. मॅकबेथचा संशय मारेकरी पाठवतो.

शेवटी मॅकबेथचे शिर आणले जाते. हेरांच्या भीतीने परागंदा झालेल्यांना माल्कम परत बोलावतो आणि आपल्या सरदारांना ‘अर्ल’ हा नवा किताब बहाल करतो. पहिल्या अंकात डंकननेही विजयानंतर असेच किताब वाटले होते.