लांब पल्ल्याची शर्यत आणि दुसऱ्याचा हात

शंभर मीटरांची शर्यत एका दृष्टिक्षेपांत मावते. मॅरेथॉनचें तसें नाहीं. ४२ किलोमीटर १९५ मीटरांच्या वाटेवर धांवणारा पुष्कळ वेळ केवळ स्वतःच्याच देखरेखीखालीं असतो. या शर्यतीचा मुख्य नियम असा कीं, हें अंतर ज्याचें त्यानें आपल्याच पायांनीं कापावयाचें. आणि तो पाळणें बव्हंशीं त्याच्याच हातीं राहतें.

१९०४ सालीं अमेरिकेंत सेंट लुईस येथें ऑलिंपिक सामने झाले. त्यांतील मॅरेथॉनमध्यें फ्रेड लॉर्झ याच्या पायांत सुमारें ९ मैलांवर गोळे आले. तो मोटारींत बसला, सुमारें ११ मैल बसूनच गेला, आणि मोटार बिघडतांच उतरून पुन्हां धांवूं लागला. क्रीडांगणांत पहिला शिरल्यावर त्याचा जयघोषहि झाला. परंतु बिंग लवकरच फुटलें. आपण केवळ गंमत केली, असें तो म्हणाला. त्याच्यावर आजन्म बंदी आली. पुढें ती उठविली गेली व १९०५ सालीं बोस्टनची मॅरेथॉन त्यानें खरोखर धांवून जिंकली. अशा लबाडीस आज यंत्रांनीं बराच आळा घातला आहे. धांवणाऱ्याजवळील लहानशी चकती वाटेंतील पट्ट्यांवरून जातांना आपली वेळ नोंदविते. एखादा पट्टा चुकला तर तेंहि कळतें. मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें भाग घेतलेल्या श्रोत्यांना ही व्यवस्था परिचित असेलच.

लॉर्झचा निवाडा करणें सोपें आहे. पण त्या दिवशीं विजयी ठरलेल्या टॉमस हिक्सचें काय? त्याच्या साथीदारांनीं त्याला वाटेंत अंड्यांतील पांढऱ्या भागांत कालवून स्ट्रिक्निन, म्हणजे कुचल्यांतील जहाल विष, अल्प प्रमाणांत पाजलें. वर ब्रँडी दिली. आणि शेवटीं आधार देऊन त्याला रेषेपार नेलें. उत्तेजक द्रव्यांस त्या काळीं बंदी नव्हती, म्हणून त्याचें सुवर्णपदक कायम राहिलें. मोटारींत बसणें निषिद्ध आणि विष घेऊन धांवणें मान्य, हा न्याय मला तरी चमत्कारिक वाटतो.

खरा बिकट प्रश्न मात्र पुढील ऑलिंपिकमध्यें उभा राहिला, आणि तो लबाडीचा नव्हता, दयेचा होता. २४ जुलै १९०८ रोजीं लंडनच्या क्रीडांगणांत डोरांडो पिएत्री हा मिठाईच्या दुकानांत काम करणारा इटालियन तरुण सर्वांच्या पुढें येऊन पोंचला. परंतु त्याचें भान सुटलें होतें. तो उलट दिशेला वळला, मग कोसळला; उठला आणि पुन्हां कोसळला. समोर राणी अलेक्झांड्रा आणि हजारों प्रेक्षक. हा येथेंच प्राण सोडतो कीं काय, या भीतीनें पंच व वैद्य धांवले, त्यांनीं त्याला वारंवार उभें केलें, आणि अखेर त्यानें रेषा ओलांडली. वेळ लागला २ तास ५४ मिनिटें ४६ सेकंद. अमेरिकेचा जॉनी हेज त्याच्या मागून अवघ्या ३२ सेकंदांनीं, कोणाचाहि हात न लागतां, आला.

अमेरिकेनें तक्रार केली व डोरांडो बाद ठरला. लोकांना तें रुचलें नाहीं. राणीनें दुसऱ्या दिवशीं त्याला स्वतंत्र चषक दिला. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल प्रेक्षकांत होते, त्यांनीं त्याच्यासाठीं वर्गणीस हातभार लावला. डोरांडो जगप्रसिद्ध झाला. हेजचें नांव आज किती जणांना ठाऊक असेल? तथापि निर्णय योग्यच होता. डोरांडोनें मदत मागितली नव्हती हें खरें, पण तिचा भुर्दंड हेजनें कां सोसावा? ३२ सेकंदांचें तें अंतर डोरांडोच्या पायांचें नव्हतें, पंचांच्या हातांचें होतें.

दयेला येथें स्थानच नाहीं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. हल्लींच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें पडलेल्या स्पर्धकाला उभें राहण्यास हात देतां येतो. नेमलेल्या वैद्यांनीं त्याला मार्गावर तपासलें तरी तो बाद होत नाहीं. मनाई आहे ती त्याला पुढें नेण्यास. डोरांडोला उठविणाऱ्या हातांना आज कोणी दोष दिला नसता. शेवटच्या रेषेशीं घेतलेलें त्याचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत त्याच्या दंडाशीं दिसणारा पंचाचा हात मात्र आजच्या नियमांतहि बसणार नाहीं.