सस्पेन्शनमधील बदल आणि चाकांचे अलाइनमेंट

‘अलाइनमेंट’ ह्या एका संज्ञेत तीन भिन्न कोन अंतर्भूत आहेत. गाडी समोरून पाहता चाकाचा माथा आत अथवा बाहेर कलतो, तो कॅम्बर. बाजूने पाहता चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे वा मागे असलेला कल, तो कॅस्टर. वरून पाहता पुढच्या दोन चाकांची तोंडे परस्परांकडे वळलेली असली, तर तो टो-इन. ‘टो’ म्हणजे पायाचे बोट. पावले आत वळवून चालणाऱ्या माणसावरून ही संज्ञा आली.

बजाज टेम्पो (२००५ पासून फोर्स मोटर्स) कंपनीची जुनी मॅटाडोर उदाहरणादाखल घ्यावी. पनवेलच्या खांदा कॉलनीतील एखाद्या मालकाने आखूड स्प्रिंगा बसवून तिचा पुढील भाग खाली आणला, तर सस्पेन्शनच्या भुजांचा व टाय रॉडचा कल बदलतो. कारखान्याने दिलेले आकडे मूळ उंचीपुरतेच प्रमाण असतात.

अशा वेळी प्रथम कॅस्टर, नंतर कॅम्बर व अखेरीस टो जुळवावा; कारण पहिल्या दोहोंत फेर केला की टो ढळतो. तरीही काम पुरे होत नाही. चाक वरखाली करून टो पुन्हा मोजणे अवश्य आहे. टाय रॉड व भुजा यांचे मार्ग जुळत नसतील, तर प्रत्येक खड्ड्यागणिक चाक आपोआप वळते. हा दोष चाक वरखाली झाल्यावरच प्रकट होत असल्याने उभ्या गाडीच्या मोजणीत दिसत नाही. महामार्गावर मात्र तो चालकाच्या जिवावर बेतू शकतो.