अनाहूत निरोपांचा उपद्रव

मुंबई-नाशिक मार्गावर भिवंडी तालुक्यांत वडपे नांवाचें गांव आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तें मोटारीच्या खिडकींतून पाहिलें असेल, आणि गोदामांखेरीज तेथें त्यांच्या नजरेस फारसें कांहीं पडलें नसेल. आमच्या आत्या व आतेबंधु तेथें राहतात. २०२५ च्या भाद्रपदांत गौरींच्या सणाला आम्ही सहकुटुंब त्यांच्याकडे गेलों होतों. पानें मांडलीं जात असतांनाच घरांतील मोबाइल एकामागून एक वाजूं लागले. निरोप सर्वांना एकच : समृद्धि महामार्गाजवळ, वडपे येथें, बिनशेती भूखंड; आजच नोंदणी करा! ज्यांच्या वाडवडिलांनीं त्याच शिवारांत भात लावला, त्यांनाच हें आमंत्रण. नागपुराहून निघालेला हा ७०१ किलोमीटरांचा महामार्ग वडप्याजवळच्या आमणे गांवीं संपतो. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला, आणि तेव्हांपासून असल्या निरोपांना नुसता ऊत आला आहे, असें आतेबंधु म्हणाले.

सर्वांनीं निरोप पाहिला न पाहिला केला आणि मोबाइल उपडे ठेवले. आत्यांनीं मात्र आपला मोबाइल दुसऱ्या खोलींत नेऊन ठेवण्यास सांगितलें. त्यांचें वय ब्यायशीं. आलेल्या प्रत्येक पत्रास उलट टपालीं उत्तर धाडण्याचें वळण त्यांना लहानपणापासून लागलेलें. असा पहिला निरोप आला तेव्हां त्यांनीं नातवाकडून लिहवून घेतलें : "आपला निरोप पोंचला. जमीन घेण्याचा विचार नाहीं. कळावें." उत्तर सभ्यपणाचें होतें, परंतु निरोप धाडणाराला त्यांतून एवढेंच समजलें कीं, हा क्रमांक चालू आहे आणि पलीकडचें माणूस आलेला निरोप वाचतें. दुसऱ्या दिवसापासून, "काकी, जागा पाहायला गाडी पाठवूं का?" असे दूरध्वनि सुरू झाले. मागोमाग कर्जवाले आले, विमेवाले आले. शेवटीं मुलांनीं घरांत नियम घालून दिला कीं, अनोळखी क्रमांक कोणीहि उचलावयाचा नाहीं.

या नियमाचें फळ श्रावणांत मिळालें. धाकटी सून बाळंतपणासाठीं नाशिकास माहेरीं गेली होती. दिवस भरण्यापूर्वींच एका रात्रीं तिला रुग्णालयांत न्यावें लागलें. घाईंत सर्वांचे मोबाइल घरींच राहिले. तिच्या भावानें रुग्णालयांतील यंत्रावरून वडप्यास जांवयाचा क्रमांक नऊ वेळां फिरविला. जांवयानें तो नऊ वेळां पाहिला, आणि भूखंडवाला समजून आवाज बंद करून झोंपी गेला. पहाटे निरोप कळला तेव्हां शस्त्रक्रिया होऊन गेली होती. बाळंतीण व मूल दोघेंहि सुखरूप आहेत, म्हणूनच हें लिहितांना आमचा हात कांपत नाहीं. परंतु पंक्तींत ही हकीकत सांगतांना त्या तरुणानें मान वर केली नाहीं. नको त्या निरोपांनीं होणारा मनस्ताप मोठा खरा. त्यांच्या भीतीनें हवा तो निरोप दाराबाहेर राहतो, हें नुकसान त्याहून मोठें आहे.

असल्या निरोपांना इंग्रजींत 'स्पॅम' म्हणतात. मुळांत हें नांव १९३७ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेल्या डबाबंद डुकराच्या मांसाचें. १९७० च्या एका विलायती विनोदी प्रवेशांत, गिऱ्हाइकाला नको असतांहि प्रत्येक पदार्थांत तेंच मांस घातलेलें असतें, त्यावरून हा शब्द या उपद्रवाला चिकटला. (सोंवळ्याच्या दिवशीं हें नांव काढल्याबद्दल आत्या आम्हांला क्षमा करोत.) उपद्रव मात्र शब्दाहून जुना आहे. १८६४ सालीं लंडनांत पार्लमेंटच्या सभासदांना एका दंतवैद्यांच्या पेढीची जाहिरात चक्क तारेनें पोंचली, आणि त्यांपैकीं एकानें वृत्तपत्राकडे संतापून तक्रार केली. त्याचा संताप आपल्या लोकांना समजावून सांगावयास नको. २०१३ सालीं आपल्याकडे तार बंद होईपर्यंत तारवाला दारीं आला कीं घरांतल्या बायकांच्या पोटांत गोळा येत असे.

तथापि तारेला पैसे पडत. १९७८ सालीं एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्रेत्यानें सुमारें चारशें जणांना एकदम विद्युत्पत्र धाडलें, तेव्हां हा खर्च जवळजवळ नाहींसा झाला. १९९४ सालीं ॲरिझोनांतील एका वकील दांपत्यानें परदेशीयांना अमेरिकेंत राहण्याचा परवाना मिळवून देण्याची जाहिरात हजारों चर्चामंडळांत टाकली. बागकामाच्या मंडळांत तीच, संगीताच्या मंडळांतहि तीच. लोकांनीं शिव्यांचा पाऊस पाडला; त्या दांपत्यानें आपणांस गिऱ्हाइकें मिळालीं असें सांगितलें, व पुढें हीच युक्ति शिकविणारें पुस्तकहि लिहिलें. लाखांतून दोघे फसले तरी ज्याचें भागतें, त्याला उरलेल्यांच्या रागाचें काय होय? म्हणून उलट उत्तर, मग तें सभ्य असो कीं शिवीचें असो, व्यर्थ होय. त्याला खर्चांत पाडलें पाहिजे.

तशी सोय आपल्याकडे आहे, आणि ती फारच थोडीं घरें वापरतात. १९०९ या क्रमांकास कळविलें असतां जाहिरातींचे दूरध्वनि व लघुसंदेश सर्व किंवा वर्गवारीनें बंद करून घेतां येतात; त्यांत स्थावर मालमत्तेचा वर्ग निराळा आहे. अडचण अशी कीं, नोंदलेले जाहिरातदारच हें बंधन पाळतात. साध्या दहा आंकडी क्रमांकावरून येणारा चोरटा जाहिरातदार तें जुमानीत नाहीं. त्याच्यासाठीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२५ च्या फेब्रुवारींत नियम कडक केले. तक्रार सात दिवसांच्या आंत करतां येते, आणि दहा दिवसांत पांच तक्रारी झाल्या कीं त्या क्रमांकावर कारवाई सुरू व्हावी असें ठरलें. व्हॉट्सअॅपवरील निरोपांना ही व्यवस्था लागू नाहीं. तेथें त्याच ठिकाणीं तक्रार करून क्रमांक अडवावा. पैसेच गेले असतील तर क्षणाचाहि विलंब न लावतां १९३० वर कळवावें.

पांच तक्रारी हें वाचून आम्हांला हंसूं आलें, कारण आतेबंधूंच्या घरांत मोबाइलच सात आहेत. एकत्र कुटुंबाचे पुष्कळ लाभ आजवर मासिकांतून सांगून झाले आहेत. त्यांत याची भर घालण्यास हरकत नाहीं. त्याच दिवशीं दुपारीं सर्वांना ओटीवर बसवून भाच्यानें भूखंडवाल्याविरुद्ध तक्रारी नोंदवून घेतल्या. आत्यांची तक्रार सर्वांत लांब झाली.

राहिला अनोळखी क्रमांकांचा नियम. तो थोरल्या वहिनींनीं बदलला. जाहिरातींसाठीं १४० नें व बँकांच्या कामासाठीं १६०० नें सुरू होणारे क्रमांक नेमलेले आहेत. इतर अनोळखी क्रमांक एकदां उचलावयाचा, आपलें नांव सांगावयाचें नाहीं, आणि पलीकडचा आपल्या माणसाचा हवाला देऊं लागला तर परसांतल्या विहिरीला घरांत काय म्हणतात तें विचारावयाचें. हें घरच्यांखेरीज कोणास ठाऊक नाहीं, म्हणून आम्हीहि तें येथें लिहीत नाहीं.

परत आल्यावर आम्हीं शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून पोंच कळविण्यासाठीं वडप्यास दूरध्वनि केला. आत्यांनींच उचलला. आवाज ओळखल्यासारखा वाटला, पण त्यांनीं आधीं विहीर विचारली.