मांडव उतरल्यावर माल जातो कुठे?

2023च्या व्हेनिस वास्तुकला बिएनालेत जर्मनीच्या दालनात शिरलेल्या माणसाला आपण मंडप डेकोरेटरच्या गोदामात आलो की काय, असं वाटलं असतं. आदल्या वर्षीच्या कला बिएनालेत 40हून अधिक दालनं मोडल्यावर निघालेला माल तिथे नोंद करून रचून ठेवला होता. त्याच मालातून कार्यशाळा थाटून शहरातल्या दुरुस्त्यांची कामं चालली होती. एका प्रदर्शनामागे केवढा पसारा उरतो, हे एरवी कोणी दाखवत नाही.

त्याच बिएनालेत ब्राझीलने आपल्या दालनाची जमीनच मातीने झाकली. गॅब्रिएला द मातोस आणि पाउलो तावारेस यांनी मांडलेल्या ‘तेरा’ (म्हणजे माती) या प्रदर्शनाला सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. त्यांचा विषय आदिवासींच्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या जमिनीचा, म्हणजे सरळसरळ राजकारणाचा होता. पण प्रदर्शन भरवणाऱ्यांनी त्या मातीकडे साहित्य म्हणूनही पाहायला हवं.

मातीच्या भिंतीचं मर्म तिच्यातल्या चिकणमातीत आहे. वाळू आणि खडे ती धरून ठेवते. ओल सुकली की भिंत कडक होते, भिजवून कालवली की पुन्हा माती. सिमेंटची पाण्याशी एकदा प्रक्रिया झाली की ते मागे फिरत नाही. शिवाय जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात त्याचा वाटा 7-8 टक्के आहे. ठोकलेल्या भिंतीसाठी साच्यात दमट मातीचा दहा-पंधरा सेंटिमीटरचा थर घालून धुम्मसाने ठोकतात, मग त्यावर पुढचा. थरांच्या रेघा उघड्याच राहतात, गिलावा लागत नाही.

पाऊस आला तर? ऑस्ट्रियातल्या श्लिन्स गावी मातीचं बांधकाम करणाऱ्या मार्टिन राउख यांनी स्वतःचं घर पायाच्या खोदाईत निघालेल्या मातीचंच बांधलं आणि भिंतीत ठराविक अंतरावर भाजलेल्या विटांच्या पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांवर आपटून ओघळांचा जोर मोडतो. भिंत थोडी झिजणार, हे त्यांनी आधीच हिशेबात धरलं आहे.

मात्र मातीचं नाव घेऊन फसवणूकही होते. मजबुतीसाठी पाच-आठ टक्के सिमेंट मिसळलं की ती भिंत शेवटी राडारोडाच. शेताचा सुपीक वरचा थर खरवडून आणला तर ती सरळ लूट. बांधकामाला खालची, खोदाईत निघणारी माती लागते. आणि प्रेक्षक विमानांनी येणार असतील, तर त्या धुराचा हिशेब मातीची भिंत फेडणार नाही.

तरीही आपल्याकडे सोय चांगली आहे. मुंबईचा काळा घोडा महोत्सव फेब्रुवारीच्या आसपास, पणजीचा सेरेंडिपिटी डिसेंबरात भरतो. दोन्ही वेळा पाऊस नसतो, म्हणजे सिमेंटची सबब उरत नाही. आयोजकांनी मंडपाच्या निविदेत एक कलम घालावं: माती कुठल्या खोदाईतून आणणार आणि महोत्सवानंतर कुठे पोहोचवणार, हे ठेकेदाराने आधी लिहून द्यावं.