संगणकातले बियाणे वेगळ्या कणगीत ठेवा

जुन्या माळवदाच्या घरात खायची ज्वारी बळदात असे. पेरायची ज्वारी मात्र निवडून, कडुनिंबाचा पाला घालून निराळ्या कणगीत ठेवत. खायचे धान्य संपले तर बाजारातून आणता येते, पण घरचे निवडक बियाणे गेले की गेलेच. आता गावोगावच्या ग्रामपंचायतीत, सोसायटीत, बचत गटात आणि कित्येक शेतकऱ्यांच्या घरी संगणक आले आहेत. ही साधी रीत त्यांना लावायची तेवढी राहून गेली आहे.

संगणकाच्या हार्ड डिस्कवर दोन प्रकारचा माल असतो. एक म्हणजे विंडोज, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. दुसरा आपला स्वतःचा माल: ग्रामसभेचे इतिवृत्त, गटाचे हिशेब, सभासदांच्या याद्या, फेरफाराच्या स्कॅन केलेल्या प्रती, ठिबकची बिले, पिकांचे फोटो. विंडोज सर्वसाधारणपणे सी ड्राइव्हमध्ये असते. आता गोम अशी, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे कप्पेही मुळात सी ड्राइव्हमध्येच असतात. फाइल पडद्यावर समोर दिसते म्हणून आपण निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात बियाणे खायच्या बळदातच पडलेले असते.

मग कधी व्हायरस शिरतो, कधी लाइट ये-जा करून प्रणाली बिघडते. संगणक तालुक्याला दुरुस्तीला जातो आणि कारागीर म्हणतो, 'फॉरमॅट मारावा लागेल.' फॉरमॅट म्हणजे तो भाग कोरा करून विंडोज नव्याने भरणे. संगणक तासाभरात चालू होतो, पण सी ड्राइव्हमधले आपले काम त्यात पुसले जाते. विंडोज पुन्हा भरता येते, आपले दप्तर पुन्हा भरून कोण देणार?

हा प्रश्न सध्या जास्त निकडीचा आहे. विंडोज 10 ला मिळणाऱ्या नियमित मोफत सुरक्षा सुधारणा 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या. त्यामुळे अनेक ठिकाणी विंडोज 11 भरून घ्यावे लागेल, आणि जे जुने संगणक त्यात बसत नाहीत ते बदलावे लागतील. म्हणजे फॉरमॅटची वेळ पुष्कळांवर येणार.

काय जपायचे, याचा आधी विचार करावा. सातबारा, आठ-अ ऑनलाइन पुन्हा निघतो. पण 2020 च्या ऑक्टोबरात पाण्यात उभ्या असलेल्या सोयाबीनचा फोटो पुन्हा काढता येत नाही. त्या हंगामात नुकसान 72 तासांत कळवले नाही, या कारणावरून आपल्या जिल्ह्यातील असंख्य शेतकऱ्यांचा पीकविमा अडला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले आणि मे 2022 मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. अशा वादात दीड-दोन वर्षे सहज जातात. तेवढा काळ फोटो, पावती, पाठवलेल्या अर्जाची प्रत टिकली पाहिजे.

उपाय अवघड नाही. हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे. सी ड्राइव्ह विंडोजसाठी, डी ड्राइव्ह दप्तरासाठी. नवीन संगणक घेतानाच विक्रेत्याकडून असे भाग करून घ्यावेत. जुन्या संगणकातही 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये सी ड्राइव्ह आक्रसून रिकाम्या जागेत नवा भाग तयार करता येतो. मात्र त्याआधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवावी. नंतर डॉक्युमेंट्स या कप्प्यावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज', त्यात 'लोकेशन' आणि 'मूव्ह' निवडावे व डी ड्राइव्हमधला कप्पा दाखवावा. पुढे डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेली फाइल आपोआप डी ड्राइव्हमध्येच पडते. डेस्कटॉप आणि डाउनलोड्सचेही तसेच करावे.

तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिली, कारागिराला स्पष्ट सांगावे: 'फक्त सी फॉरमॅट करा, डीला हात लावू नका.' विंडोज भरताना पडद्यावर सी, डी अशी अक्षरे दिसत नाहीत. भागांचे क्रमांक आणि आकारमान दिसते. घाईत चुकीचा भाग पुसला जाऊ शकतो. म्हणून डी ड्राइव्हला 'दप्तर' असे नाव द्यावे आणि दोन्ही भागांचे आकारमान कागदावर लिहून संगणकासोबत द्यावे.

दुसरी, सगळेच डॉक्युमेंट्समध्ये नसते. हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा बहुधा सी ड्राइव्हमध्ये वेगळ्याच जागी असतो. तो कुठे आहे हे विचारून त्याची प्रत घ्यावी. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली पत्रे तो फाँट गेल्यावर वाचताच येत नाहीत, अक्षरांचा नुसता काला दिसतो. त्या फाँटची फाइलही डी ड्राइव्हमध्ये ठेवावी. नवी कामे युनिकोडमध्येच करावीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सी आणि डी या एकाच घरातल्या दोन खोल्या आहेत. हार्ड डिस्कच जळाली, संगणक चोरीला गेला, तर दोन्ही जातात. सप्टेंबर 2025 मध्ये भूम, परंडा भागात पुराचे पाणी घराघरांत शिरले. त्या पाण्याने खोली निवडली नाही. म्हणून महिन्यातून एकदा डी ड्राइव्हची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ती संगणकाजवळ न ठेवता दुसऱ्या इमारतीत, उंचावर ठेवावी. प्रत घेतल्यावर दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. उगवण तपासल्याशिवाय आपण बियाणे पेरत नाही, तसेच हे.

गावच्या अधिकाऱ्यांसाठी एक सूचना. बदली झाली की रजिस्टरांची यादी करून प्रभार दिला जातो. त्या यादीत एक ओळ वाढवावी: संगणकातले दप्तर कोणत्या ड्राइव्हमध्ये आहे, त्याची प्रत कुठे आहे आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेला घेतली. नव्या माणसाने सही करण्याआधी ती प्रत स्वतः उघडून बघावी.